पॅरामेशियम मागे कसं फिरतं?

साचलेल्या पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर घ्या, त्यात कापसाचे दोन-चार तंतू टाका आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. तंतू अशासाठी, की त्यांच्याशिवाय पॅरामेशियम डोळ्यांसमोर टिकतच नाही. नजर जरा स्थिरावते तोवर ते पसार झालेलं असतं. तंतूंचं कुंपण असलं की ते आत अडकतं आणि निवांत बघता येतं. लांबट, पारदर्शक, चपलेच्या तळव्यासारखा आकार. स्वतःभोवती गिरक्या घेत ते पुढे येतं, तंतूवर आपटतं आणि सरळ मागे जातं. जरासं वळतं. पुन्हा पुढे येतं, पुन्हा तोच तंतू. पुन्हा मागे, पुन्हा थोडं वळून पुढे. चौथ्या-पाचव्या खेपेला फट सापडते आणि ते निघून जातं.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी पुढे जाण्याकडे लक्षच दिलं नव्हतं. अडकून राहिलो ते त्या मागे येण्यात. इथे सगळा कारभार एका पेशीचा. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, स्नायू नाहीत, डोळे नाहीत. मग ‘वाट बंद आहे, मागे फिर’ हा निरोप देतं कोण, आणि तो ऐकतं कोण? या साध्या प्रश्नामागे लागलेल्या माणसांनी जे शोधून काढलं, ते मला जीवशास्त्रातल्या सगळ्यात देखण्या गोष्टींपैकी एक वाटतं.

आधी आकाराचा अंदाज घेऊ. पॅरामेशियम कॉडेटम ही नेहमी आढळणारी जात साधारण 0.2 ते 0.3 मिलिमीटर लांब असते. काचेच्या बाटलीमागे काळा कागद धरला आणि बाजूने उजेड पाडला, तर नुसत्या डोळ्यांनाही पांढरे ठिपके फिरताना दिसतात. एवढ्याशा देहावर हजारो बारीक केस असतात. त्यांना मराठीत पक्ष्माभिका म्हणतात. शब्द जड वाटतो, पण आहे मोठा नेमका. संस्कृतात पक्ष्म म्हणजे पापणीचा केस, आणि ज्या लॅटिन ‘सिलियम’वरून या जीवांना सिलिएट हे नाव पडलं, त्याचा अर्थही पापणीच. सिलिएटांच्या आजवर आठ हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. तळी, समुद्र, ओली माती, गाईम्हशींचं पोट, जिथे ओल तिथे त्यांची वस्ती.

शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीने आपल्या मनात एक गैरसमज रुजवून ठेवलाय. तिथे चपलेच्या कडेला झालरीसारखे केस काढलेले असतात. खरं तर केस सगळ्या अंगभर असतात, ओळीत लावलेल्या रोपांसारखे, वर-खाली, पाठीला-पोटाला. आकृती कागदावर सपाट असल्यामुळे कडेचे तेवढे दिसतात.

डेल्फ्टचा कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने स्वतः घासलेल्या भिंगांतून हे जीव पाहिले आणि 9 ऑक्टोबर 1676 च्या लांबलचक पत्रात लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. काहींच्या अंगाला चिमुकले पाय असल्याचं त्याने लिहिलं होतं. सोसायटीतल्या मंडळींचा आधी विश्वास बसेना. पुढच्या वर्षी रॉबर्ट हूकने तोच प्रयोग करून सगळ्यांना दाखवला, तेव्हा कुठे पटलं. ते ‘पाय’ म्हणजेच आपल्या पक्ष्माभिका.

पाणी चिकट झालं तर

पुढे जाणं सोपं आहे असं मी वर सुचवलं, पण तेही तितकंसं खरं नाही. वल्ही मारायची थांबवली तरी होडी थोडी पुढे सरकत राहते, कारण तिच्या अंगात वेग साठलेला असतो. हे जडत्व. शरीर जसजसं लहान होत जातं, तसतसं जडत्व नाहीसं होतं आणि पाण्याचा चिकटपणा तेवढा उरतो. पॅरामेशियमने सगळे केस एकदम थांबवले, तर ते स्वतःच्या लांबीच्या एक टक्कासुद्धा पुढे घसरत नाही, जागच्या जागी थांबतं. जिवाणूचं तर विचारूच नका. तो पोहायचा थांबल्यावर जेवढा घसरतो ते अंतर एका अणूच्या व्यासाहूनही कमी असतं. हा हिशेब मांडला एडवर्ड पर्सेल यांनी. ते भौतिकशास्त्रज्ञ, 1952 चे नोबेलविजेते. सूक्ष्मजीवांचं पोहणं या विषयावरचं त्यांचं व्याख्यान 1977 मध्ये छापून आलं आणि आजही ते वाचलं जातं.

पर्सेल यांनी एक प्रश्न विचारला होता: या चिकट जगात शिंपला पोहू शकेल का? समुद्रातला शिंपला आपली झडप हळू उघडतो आणि झटकन मिटतो, त्या झटक्याने पाणी मागे फेकलं जातं आणि तो पुढे जातो. चिकट जगात मात्र हळू आणि झटकन यांत काही फरकच उरत नाही. मिटताना जेवढं पुढे जाल, तेवढंच उघडताना मागे याल. एकच हालचाल पुढे आणि तीच उलट क्रमाने मागे, असं कितीही वेगाने केलं तरी तुम्ही होता तिथेच. पुढे सरकायचं असेल तर परतीची वाट वेगळी हवी.

पक्ष्माभिका नेमकं हेच करते. जोराचा फटका मारताना ती काठीसारखी ताठ असते आणि लांब अंतरावरचं पाणी कापत मागे येते. परत जाताना मात्र ती बुडापासून वाकते, अंगाशी जवळजवळ झोपते आणि पेशीला घासत-सरपटत मूळ जागी पोचते. चिकट द्रवात काडी आडवी ओढायला जितका जोर लागतो, त्याच्या साधारण निम्माच तीच काडी तिच्या लांबीच्या दिशेने ओढायला लागतो. शिवाय पेशीच्या अंगालगतचं पाणी पेशीबरोबरच चिकटून चालत असतं. म्हणून परतीच्या फेरीत नुकसान थोडं होतं, फटक्यातली कमाई जास्त. सेकंदाला साधारण वीस वेळा असा फटका, आणि असे हजारो केस. त्यातून पॅरामेशियमला सेकंदाला एक मिलिमीटरच्या आसपास वेग मिळतो. ऐकायला कमी वाटेल, पण दर सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या चौपट अंतर कापणं आहे ते.

सगळे केस एकाच वेळी फटका मारत नाहीत, हेही पाहण्यासारखं आहे. गोम चालताना तिच्या पायांतून जशी लाट धावत जाते, तशी लाट इथे अंगभर धावत असते. प्रत्येक केस शेजारच्यापेक्षा किंचित उशिरा हलतो. या लाटेला ताल धरून देणारं कुणी नाही. एका केसाने ढकललेलं पाणी शेजारच्याला धक्का देतं आणि त्यातून लय जुळत जाते. सूक्ष्मदर्शकाचा उजेड थोडा कमी केला, झडप आवळली, की पेशीच्या कडेला ही लाट चमकत जाताना दिसते. मंद हलणारं पॅरामेशियम मिळालं तर आणखी छान दिसते. फटके थोडे तिरके पडतात, म्हणून ते गिरक्या घेत नागमोडी जातं. त्याचं अंग दोन्ही बाजूंनी सारखं नसतं, तोंडाची खाच एका अंगाला असते. गिरकी नसती तर ते एकाच बाजूला वळत गोलगोल फिरत बसलं असतं. गिरकीमुळे ती ओढ सगळ्या बाजूंना सारखी वाटली जाते आणि वाट एकंदरीत सरळ राहते.

केसाच्या आत

एक पक्ष्माभिका साधारण 10 मायक्रोमीटर लांब आणि पाव मायक्रोमीटर जाड. आपल्या डोक्याचा केस तिच्यापेक्षा दोनशे ते चारशे पट जाड भरेल. एवढ्या बारीक वस्तूच्या आत काही यंत्र असेल अशी कल्पना करणंसुद्धा कठीण होतं. 1950 च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिचा आडवा छेद पाहिला, तेव्हा दिसलं ते असं: कडेने गोलात मांडलेल्या नऊ जोडनळ्या आणि मधोमध दोन सुट्या नळ्या. या नळ्या प्रथिनाच्या असतात. नऊ अधिक दोन, ही मांडणी लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

नळ्या ताठ असतात, त्या स्वतः आखडत नाहीत. मग केस वाकतो कसा? इयन गिबन्स यांनी 1960 च्या दशकात टेट्राहायमेना नावाच्या सिलिएटच्या पक्ष्माभिका घेतल्या आणि त्यांतून एक मोटार-प्रथिन वेगळं काढलं. बलाच्या ‘डाइन’ या एककावरून 1965 मध्ये त्याचं नाव ठेवलं डायनिन. प्रत्येक जोडनळीच्या अंगाला डायनिनचे हात ओळीने लागलेले असतात. पेशीचं इंधन म्हणजे एटीपी. ते मिळालं की हे हात शेजारच्या नळीला पकडून ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात. दोरावर हात पुढे पुढे टाकत चढावं, तसं.

ओढल्याने नळ्या एकमेकींवरून घसरायला हव्यात, मग केस का वाकतो? कारण नळ्या बुडाशी पक्क्या रोवलेल्या असतात आणि मध्ये त्यांना आडवे दुवे असतात. एक जाडसर वही हातात घ्या, कण्याच्या बाजूने घट्ट धरा आणि मोकळ्या कडेची पानं एकमेकांवरून सरकवायचा प्रयत्न करा. एका टोकाला बांधलेली असल्यामुळे वही वाकते. याचा पुरावा 1971 मध्ये मिळाला. समर्स आणि गिबन्स यांनी समुद्री साळिंदराच्या शुक्राणूंच्या शेपट्या घेऊन त्यांतले दुवे ट्रिप्सिन या पाचक प्रथिनाने तोडले, मग एटीपी दिलं. आता शेपटी वाकली नाही. नळ्या एकमेकींवरून घसरत लांबच लांब बाहेर येत गेल्या. बांधणी सुटली की उरतं ते नुसतं घसरणं.

टेट्राहायमेनाचं नाव आलंच आहे, तर थोडं आडवाटेला जातो. सिलिएटांच्या एकाच पेशीत दोन प्रकारची केंद्रकं असतात. लहान केंद्रक मूळ दस्तऐवज जपून ठेवतं आणि ते फक्त पुढच्या पिढीसाठी उघडतं. मोठ्या केंद्रकात त्याच दस्तऐवजाच्या कापून-छाटून काढलेल्या कामचलाऊ प्रती असतात आणि रोजचा कारभार त्यांच्यावर चालतो. ऑक्सिट्रिका या सिलिएटच्या मोठ्या केंद्रकात तर सुमारे 16,000 चिमुकली गुणसूत्रं असतात, बहुतेकांवर जेमतेम एकेक जनुक. गुणसूत्रांचे असे तुकडे केले की टोकं वाढतात, आणि टोकांचा अभ्यास करायचा तर जिथे टोकंच टोकं आहेत तिथेच जायला हवं. एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी टेट्राहायमेनात टोकांची रचना ओळखली, पुढे कॅरॉल ग्रायडर यांच्याबरोबर ती टोकं भरून काढणारं टेलोमरेज शोधलं. 2009 चं नोबेल या दोघी आणि जॅक शोस्टाक यांना मिळालं. त्याच्या वीस वर्षं आधी, 1989 चं रसायनशास्त्राचं नोबेल थॉमस चेक यांना मिळालं होतं, सिडनी ऑल्टमन यांच्यासोबत. चेक यांनी टेट्राहायमेनाच्याच आरएनएला स्वतःला कापून जोडताना पकडलं होतं. एकपेशीय जीवांना अजूनही काही जण सर्रास ‘खालच्या दर्जाचे’ म्हणतात. हे सगळं वाचल्यावर तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

प्यादं

आता मूळ प्रश्नाकडे. तंतूवर आपटल्यावर मागे फिरण्याचा निरोप.

पॅरामेशियमच्या पातळ आवरणाच्या आत आणि बाहेर विजेचा थोडा दाबफरक असतो, आपल्या मज्जापेशींत असतो तसाच. बाहेरच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर, पेशीच्या आत मात्र जवळजवळ नाहीच. आलं तर पेशी ते उपसून बाहेर टाकते. नाक आपटलं की समोरच्या भागाच्या आवरणाला ताण बसतो, तिथले काही दरवाजे उघडतात आणि दाबफरक बदलतो. हा बदल क्षणार्धात सगळ्या पेशीभर पसरतो. त्याला प्रतिसाद देणारे कॅल्शियमचे खास दरवाजे खुद्द पक्ष्माभिकांच्या आवरणात असतात. ते उघडतात, कॅल्शियम केसांत घुसतं आणि फटक्याची दिशा उलटी होते. हजारो केस एकदम उलटे मारू लागतात, पॅरामेशियम मागे जातं. मग दरवाजे मिटतात, पेशी कॅल्शियम उपसते, केस मधल्या गोंधळाच्या अवस्थेतून जातात, म्हणून नाक इकडेतिकडे फिरतं आणि दिशा बदलते. उपसा पूर्ण झाला की पुन्हा पुढे. शेपटीकडून धक्का बसला तर वेगळे दरवाजे उघडतात, पोटॅशियम बाहेर जातं आणि ते आणखी जोरात पुढे पळतं.

म्हणजे निरोप देणारी आणि ऐकणारी वेगवेगळी माणसं इथे नाहीतच. तंतूवर आपटणारी, धक्का ओळखणारी आणि केस उलटे फिरवणारी एकच कातडी आहे.

हे कळलं कसं, ती हकीकत मला उत्तराइतकीच आवडते. दरवाजे केसांवरच आहेत हे कसं ठरवायचं? 1970 च्या दशकात संशोधकांनी पॅरामेशियमचे केस झाडून टाकले, पेशी जिवंत ठेवून. टकली पेशी विजेचा तो झटका देईनाशी झाली. काही तासांत केस पुन्हा उगवू लागले आणि त्यांच्याबरोबर झटकाही परत आला.

चिंग कुंग यांनी दुसरी वाट धरली. 1971 मध्ये त्यांनी मागे जाता न येणारी पॅरामेशियमं निवडून काढली. एका जनुकातल्या बिघाडामुळे त्यांचे कॅल्शियमचे दरवाजे उघडत नव्हते. आपटत होती, पण मागे फिरत नव्हती. कुंग यांनी त्यांना बुद्धिबळातल्या प्याद्याचं नाव दिलं. घोडा मागे येतो, हत्ती मागे येतो, प्यादं येत नाही.

आणि तिसरा प्रयोग युताका नायतो आणि हिरोशी कानेको यांचा, 1972 चा. त्यांनी पॅरामेशियम साबणासारख्या रसायनात ठेवून त्याचं आवरण विरघळवून टाकलं. पेशी मेली. उरला तो केसांसकट नुसता सांगाडा. त्या सांगाड्याला एटीपी आणि मॅग्नेशियम असलेल्या पाण्यात सोडलं, तर तो पोहू लागला. मेलेलं पॅरामेशियम, पुढे पोहतंय. मग त्याच पाण्यात किंचित कॅल्शियम घातलं, आणि तो सांगाडा मागे पोहू लागला. आवरण नाही, वीज नाही, जीव नाही, तरी कॅल्शियम मिळालं की केस उलटतात. उलट फिरण्याचं ज्ञान केसाच्या आतल्या त्या नऊ अधिक दोन नळ्यांतच भरलेलं आहे, याहून स्वच्छ पुरावा मला सुचत नाही.

एक शंका उरतेच. ‘पुढे’ आणि ‘मागे’ यांना अर्थ येतो तो सगळे केस एकाच दिशेला तोंड करून रोवलेले असल्यामुळे. हे कोण ठरवतं? आपल्याला वाटेल, जनुकं. जानीन बेसाँ आणि ट्रेसी सॉनबॉर्न यांनी 1965 मध्ये वेगळंच दाखवलं. दोन पॅरामेशियम जवळ येऊन केंद्रकांची देवाणघेवाण करतात. वेगळं होताना कधी अपघाताने एकाच्या सालीचा तुकडा दुसऱ्याच्या अंगावर उलटा चिकटून राहतो. त्या तुकड्यावरच्या केसांच्या ओळी उलट्या दिशेने फटके मारतात. पेशी आडवी दुभंगून दोन होते, दोनाच्या चार होतात, आणि ती उलटी ओळ प्रत्येक पिढीत तशीच येते. शेकडो पिढ्या. जनुकं तीच, एका अक्षराचाही फरक नाही. नवा केस जुन्या केसाच्या शेजारी, जुन्याकडे पाहूनच रोवला जातो. जुना उलटा, तर नवाही उलटा. वारसा फक्त डीएनएतूनच येतो असं ठासून सांगणाऱ्यांना हा प्रयोग जरूर वाचायला द्यावा.

आपल्या अंगातली तीच वस्तू

ती नऊ अधिक दोनची मांडणी पॅरामेशियमपुरती नाही. तुम्ही हे वाचत असताना तुमच्या श्वासनलिकेच्या आतल्या बाजूने तीच मांडणी काम करते आहे. तिथल्या प्रत्येक केसाळ पेशीवर दोनशेच्या आसपास पक्ष्माभिका असतात. सेकंदाला दहा-पंधरा फटके मारत त्या धुळीने आणि जंतूंनी भरलेला शेंबडाचा थर वर घशाकडे ढकलत असतात. तोच ताठ फटका, तीच झोपून परत जाण्याची पद्धत, तीच लाट. पॅरामेशियममध्ये केस पाण्यातून पेशी नेतात, इथे पेशी जागेवर बसलेली, म्हणून केसांवरून द्रव वाहतो. शुक्राणूची शेपटीही नऊ अधिक दोनच. जिवाणूंच्या शेपट्या मात्र यातल्या नव्हेत. त्या बुडाशी असलेल्या चाकासारख्या मोटारीने गरागरा फिरतात, त्यांची रचना सर्वस्वी निराळी. एकपेशीय सिलिएट, आपण, शेवाळ, नेचे, या सगळ्यांचा जो समान पूर्वज शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेला, त्याच्याकडे हे यंत्र होतं. तेव्हापासून ते फारसं कुणी बदललेलं नाही.

हे यंत्र बिघडलं तर काय होतं, ते 1970 च्या दशकात स्टॉकहोममध्ये ब्यॉर्न आफ्झेलियस यांना दिसलं. मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्या काही पुरुषांच्या शुक्राणूंना हालचालच नव्हती. शेपटीच्या छेदात डायनिनचे हात गायब होते. याच माणसांना लहानपणापासून सर्दी-खोकला, सायनसचा त्रास, फुप्फुसांत वारंवार संसर्ग. श्वासनलिकेतले केसही बंद. यांतल्या काहींचं हृदय उजवीकडे होतं, पोटातले अवयवही उलट बाजूंना. अशा रुग्णांचं वर्णन मानेस कार्टागेनर यांनी 1933 मध्ये केलं होतं. हृदयाच्या बाजूचा केसांशी काय संबंध, ते मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

त्याचं उत्तर 1998 मध्ये उंदरांच्या गर्भात सापडलं. गर्भ अगदी लहान असताना त्याच्या मध्यावर एक खळगा असतो. तिथल्या पेशींवर एकेक पक्ष्माभिका असते आणि ती भोवऱ्यासारखी फिरते. त्या फिरण्याने खळग्यातला द्रव डावीकडे वाहतो, आणि त्या प्रवाहावरून शरीर ठरवतं की डावं कुठलं. प्रवाह नसला तर डावं-उजवं नशिबावर सोडलं जातं. म्हणूनच डायनिन नसलेल्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांचे अवयव उलट असतात आणि निम्म्यांचे सरळ. आणखी एक बारकावा आहे. खळग्यातल्या या केसांना मधल्या दोन नळ्या नसतात, ते नऊ अधिक शून्य. काही रुग्णांत बिघाड फक्त मधल्या जोडीतच असतो. त्यांना खोकला आणि संसर्ग होतात, पण हृदय जिथे हवं तिथेच असतं. आपलं हृदय डावीकडे आहे, ते या फिरणाऱ्या केसांमुळे.

ते मन बदलतं का?

पॅरामेशियमचं मागे फिरणं उलगडलं की वाटू शकतं, हे तर नुसतं यंत्र: धक्का, दरवाजा, कॅल्शियम, उलटा फटका. मग स्टेंटरकडे बघावं. हा कर्ण्याच्या आकाराचा सिलिएट, काही जाती एक-दोन मिलिमीटरपर्यंत लांब. बुडाने पाण्यातल्या काडीला चिकटतो आणि कर्ण्याच्या कडेच्या केसांनी भोवरा करून खाणं तोंडात ओढतो. त्याचे तुकडे केले तर बहुतेक तुकड्यांतून एकेक पूर्ण स्टेंटर तयार होतो, फक्त तुकड्यात केंद्रकाचा अंश हवा.

अमेरिकी जीवशास्त्रज्ञ हर्बर्ट स्पेन्सर जेनिंग्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्टेंटर रोझेलीच्या तोंडावर लाल रंगाच्या भुकटीचा झोत सोडून पाहिला. स्टेंटर आधी बाजूला वाकला. झोत चालूच राहिला, तेव्हा त्याने केस उलटे फिरवून भुकटी बाहेर फेकली. तरी थांबेना, तेव्हा अंग आखडून घट्ट गोळा झाला. थोड्या वेळाने उघडला, पुन्हा भुकटी, पुन्हा गोळा. शेवटी काडीवरची पकड सोडली आणि पोहून निघून गेला. सारखाच त्रास, पण प्रत्येक वेळी वेगळी चाल. 1967 मध्ये कुणी हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा तसं काही दिसलं नाही आणि जेनिंग्स यांचं काम बाजूला पडलं. मात्र त्या वेळी वापरलेली स्टेंटरची जातच दुसरी होती, मोकळं पोहणं पसंत करणारी.

2019 मध्ये हार्वर्डमधल्या संशोधकांनी योग्य जात मिळवली आणि भुकटीऐवजी प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी वापरले. जेनिंग्स यांनी सांगितलेल्या सगळ्या चाली दिसल्या. वाकणं आणि केस उलटणं बहुधा आधी, आखडणं नंतर. आखडून गोळा झालेल्या स्टेंटरने पुन्हा आखडायचं की पकड सोडून जायचं, याचे आकडे मांडले तर ते नाणेफेकीसारखे निघाले, निम्मे इकडे, निम्मे तिकडे. आधी कितीदा आखडला याचा त्यावर काही परिणाम नव्हता. पण एकदा पकड सोडली की तो तिथे थांबत नसे. कर्णा मिटून, केसांच्या जोरावर, दुसरी काडी शोधत निघून जाई.